जॉन व्हॉन टॉमसन

जॉन व्हॉन टॉमसन (१७७९–१८४७) हे ब्रिटिश लष्करी शल्यवैद्य व निसर्ग-अभ्यासक होते. समुद्री अपृष्ठवंशी प्राण्यांच्या डिंभांचे रूपांतरण त्यांनी प्रत्यक्ष निरीक्षणाने सिद्ध केले. त्यांचे बालपण बेरिक येथे गेले. मॉरिशस व मादागास्कर येथील सेवेनंतर १८१६ मध्ये ते आयर्लंडमधील कॉर्क येथे आले. तेथील खाडीत मलमलीची जाळी ओढून ते प्लवक गोळा करीत. अशा जाळीचा हा अगदी आरंभीचा वापर होय.

खडकांना व जहाजांच्या तळांना चिकटून राहणाऱ्या बार्नॅकलला त्याच्या कवचामुळे क्यूव्हिए यांनी मृदुकाय प्राण्यांत स्थान दिले होते. मे १८२६ मध्ये टॉमसन यांनी जाळीत सापडलेले दोन झडपांचे, पोहणारे सूक्ष्म जीव समुद्राच्या पाण्यात ठेवले. काही दिवसांतच त्यांतील दोघांनी कात टाकली आणि ते भांड्याच्या तळाशी घट्ट चिकटून बार्नॅकल बनले. बार्नॅकल हा कोळंबी-खेकड्यांचा, म्हणजे कवचधारी प्राण्यांचा, आप्त आहे हे त्यातून उघड झाले.

झोइया हा स्वतंत्र प्राणी नसून खेकड्याचा डिंभ आहे, हे त्यांचे प्रतिपादन मात्र सहज स्वीकारले गेले नाही. राथके यांना गोड्या पाण्यातील क्रेफिशमध्ये, तर वेस्टवुड यांना एका भूचर खेकड्यात रूपांतरण आढळले नाही. दोघांची निरीक्षणे अचूकच होती. पण त्या अपवादांवरून काढलेला सर्वसाधारण निष्कर्ष चुकीचा होता. टॉमसन यांचे लेख १८२८ ते १८३४ या काळात कॉर्कहून भागाभागाने निघाले. विद्यापीठीय वर्तुळाबाहेरील या शल्यवैद्याला वादात पाठबळ थोडेच होते.

१८३५ मध्ये ते वैद्यकीय अधिकारी म्हणून सिडनीला गेले व तेथेच निवर्तले. पुढे चार्ल्स डार्विन यांच्या १८५१ व १८५४ मधील ग्रंथांनी बार्नॅकलचे कवचधारींतील स्थान पक्के केले.

डिंभ नेमका कोठे चिकटतो, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आणखी शतक लागले. १९५० नंतर नाइट-जोन्स, क्रिस्प व मेडोज यांनी दाखविले की, प्रौढ बार्नॅकलच्या बाह्यत्वचेतील प्रथिन हाच त्यासाठीचा रासायनिक संकेत असतो. हे प्रथिन पाण्यात नुसते विरघळलेले असून भागत नाही. पृष्ठभागावर त्याचा थर असावा लागतो आणि डिंभ तो स्पर्शाने ओळखतो. या अवस्थेतील डिंभ अन्न घेत नाही, त्यामुळे साठा संपण्यापूर्वी त्याला जागा निवडावी लागते. एकदा चिकटल्यावर ती बदलता येत नाही.