आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी : ज्ञानभांडारांचे जागरूक रक्षक

कार्तिक शुद्ध पंचमी हा ज्ञानपंचमीचा पवित्र दिवस. या दिवशी ज्ञानभांडारे उघडून पोथ्यांवरील धूळ झाडण्याची व श्रुतज्ञानाचे पूजन करण्याची परंपरा आहे. याच तिथीला १८९५ साली गुजरातमधील कपडवंज येथे मणिलाल या बालकाचा जन्म झाला. तान्हेपणी घराला लागलेल्या आगीतून एका बोहरी गृहस्थाने त्यांना वाचविले, असे सांगितले जाते. पुढे या बालकाने हजारो पोथ्यांना विनाशातून वाचविले.

पित्याच्या निधनानंतर धर्मपरायण माता माणेकबेन यांनी पुत्रासह संयममार्ग स्वीकारला. १९०९ साली वडोदऱ्याजवळील छाणी येथे तेराव्या वर्षी मणिलाल यांची दीक्षा झाली आणि ते मुनी पुण्यविजय झाले. प्रवर्तक कांतिविजयजी हे दादागुरू आणि चतुरविजयजी हे गुरू. दोघेही ग्रंथोद्धाराच्या कार्यात मग्न असत. पंडित सुखलालजींकडेही मुनिश्रींनी अध्ययन केले. गुरूंसमवेत त्यांनी संपादित केलेले बृहत्कल्पसूत्राचे सहा भाग १९३३ ते १९४२ या काळात प्रकाशित झाले.

पोथीचे मोल तिच्यातील मूळ ग्रंथापुरते नसते. अखेरच्या पुष्पिकेत लेखनाचे वर्ष, गाव, लिपिकार, लिहवून घेणारा श्रावक, त्याचे कुल आणि तत्कालीन राजा यांची नोंद पुष्कळदा आढळते. म्हणूनच ज्ञानभांडार हे धर्मग्रंथांचे आलय तसेच समाजाच्या इतिहासाचे दफ्तरही होय. शेवटचे एक पान हरवले, तर एका संपूर्ण कुटुंबाचे नाव इतिहासातून पुसले जाते.

पूर्वजांनी या ठेव्याची काळजी घेतली होती. लाकडी पाट्या, घट्ट बांधलेले वस्त्र, कीटकांना दूर ठेवणारी वेखंडाची पुरचुंडी, हे सारे त्यांच्या दक्षतेचे साक्षी होते. परंतु कालांतराने श्रद्धेचे रूपांतर केवळ कुलुपात झाले. वर्षानुवर्षे न उघडलेल्या पोथ्यांची पाने चिकटली, तुटली, एकमेकांत मिसळली. जतन करणे म्हणजे बंद करून ठेवणे नव्हे, हे मुनिश्रींनी ओळखले. ते सुटी पाने अक्षर, आकार व विषय यांवरून जुळवीत, प्रत्येक प्रतीला क्रमांक देत आणि तिची सूची सिद्ध करीत. सूचीत नसलेली पोथी असून नसल्यासारखीच असते, हे त्यांच्या कार्याचे सार होते. लेखनसाहित्य, लिपी व पोथीरक्षण यांचे सूक्ष्म विवेचन त्यांनी १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या गुजराती ग्रंथात केले.

गुजरातमधील पाटण येथे विखुरलेली अनेक भांडारे एका छत्राखाली यावीत, यासाठी गुरुपरंपरेसह त्यांनी परिश्रम घेतले. त्यातून १९३९ साली हेमचंद्राचार्य जैन ज्ञानमंदिर उभे राहिले. भांडार ही संघाची प्रतिष्ठा. ती परक्या इमारतीत देण्यास मन सहजी धजत नाही. विश्वस्तांचा असा विश्वास संपादन करणे हे पाने जुळविण्याहूनही कठीण होते.

१९५० साली ते पादविहार करीत जेसलमेरच्या वाळवंटी किल्ल्यात पोहोचले. पंधराव्या शतकात जिनभद्रसूरींनी स्थापिलेल्या तेथील भांडारात शतकानुशतकांची ताडपत्रे आहेत. वर्षाहून अधिक काळ तेथे राहून मुनिश्रींनी प्रती सुव्यवस्थित केल्या, त्या धातूच्या पेट्यांत ठेवविल्या आणि महत्त्वाच्या ग्रंथांचे सूक्ष्मचित्रण करविले. मूळ पोथी स्वस्थानी राहिली आणि तिचा पाठ जगभरातील अभ्यासकांना खुला झाला.

१९५७ साली अहमदाबादेत श्रेष्ठी कस्तुरभाई लालभाई यांच्या सहकार्याने लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिर स्थापन झाले. मुनिश्रींनी आयुष्यभर जमविलेली सुमारे १०,००० हस्तलिखिते तेथे अर्पण केली. अपरिग्रहाचे व्रत त्यांनी ग्रंथांच्या बाबतीतही पाळले.

उत्तरायुष्यात मुंबईच्या श्री महावीर जैन विद्यालयाच्या आगम-प्रकाशनाला त्यांनी वाहून घेतले. या मालेचा पहिला ग्रंथ १९६८ साली प्रकाशित झाला. १४ जून १९७१ रोजी मुंबईतच ते कालधर्म पावले. जेसलमेरची त्यांनी सिद्ध केलेली सूची १९७२ साली मुद्रित झाली. ती पाहण्यास ते नव्हते. मात्र त्या सूचीतील क्रमांकाच्या आधारे आजही अभ्यासकाला नेमकी पोथी सापडते.

मंदिरांच्या तळघरांत आणि श्रावकांच्या घरी अद्यापही अनेक गाठोडी न उघडलेली आहेत. ती उघडून, पुसून, त्यांची नोंद करणे हीच या श्रुतोपासकास खरी आदरांजली ठरेल.