निस्सीम इझिकेल : कारकुनाच्या इंग्रजीला कवितेत आणणारा कवी

वीर, दासगाव, महाड आणि पुढे पोलादपूर हा सावित्रीच्या खोऱ्यातील टापू पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माणसे पुरवत आला आहे. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून येथील चाकरमानी गिरणीत, गोदीत, रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरी करीत होता. ज्याच्या वाट्याला कचेरीतील टेबल आले, त्याच्या वाट्याला इंग्रजीही आले. रजेचे अर्ज, साहेबांसमोरचे स्पष्टीकरण, सहकाऱ्याच्या निरोप समारंभातील चार शब्द या सर्वांतून एक इंग्रजी घडत गेले. ते लंडनचे नव्हते आणि शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकातलेही नव्हते. त्यावर हसणारे पुष्कळ होते. त्यात कविता आहे हे ओळखणारे निस्सीम इझिकेल मात्र विरळाच. मुंबईत जन्मलेल्या या कवीची समाजमुळे याच रायगड जिल्ह्याच्या मातीत आहेत.

इझिकेल हे बेने इस्रायल समाजाचे. शेकडो वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, त्यातून वाचलेल्या मोजक्या ज्यू कुटुंबांपासून आपला वंश वाढला, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. कोकणातील गावांत त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावांवरून आडनावे पडली, पेणकर, रोहेकर, दिवेकर. भाषा मराठी, पेहराव मराठी, कीर्तनाची आवडही मराठी. पुढे यांतील अनेक कुटुंबे मुंबईला आली आणि शिक्षण घेऊन फौजेत, रेल्वेत, शाळांत स्थिरावली. इस्रायलच्या स्थापनेच्या सुमारास या समाजाची भारतातील संख्या सुमारे २० हजार होती. त्यानंतर बहुतेक जण तिकडे गेले. इझिकेल गेले नाहीत.

आज ज्याला आपण शुद्ध ब्रिटिश इंग्रजी म्हणतो, ते या किनाऱ्यावर एकाच तोंडातून आलेले नाही, हे येथे सांगितले पाहिजे. १८२३ मध्ये सावित्रीच्या मुखावरील बाणकोट येथे मिशनऱ्यांनी केंद्र काढले, ते मिशनरी स्कॉटलंडचे होते. १८२९ मध्ये मुंबईत आलेले जॉन विल्सन हेही स्कॉटिशच. त्यांनी बेने इस्रायल समाजाचा अभ्यास केला आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणात लक्ष घातले. त्यांच्या नावाचे विल्सन महाविद्यालय आजही गिरगाव चौपाटीसमोर उभे आहे. लंडनच्या उच्चभ्रू माणसाला स्कॉटिश उच्चार ऐकून जे वाटत असे, ते मुंबईच्या साहेबाला मराठी कारकुनाचे इंग्रजी ऐकून वाटत असावे. मराठी माणसाला इंग्रजी शिकवणाऱ्यांपैकी अनेकांचे इंग्रजी त्यांच्याच देशाच्या राजधानीत गावठी ठरत होते. ही गंमत आपल्याकडील उच्चारशुद्धीच्या आग्रहात कोणी लक्षात घेत नाही.

निस्सीम यांचा जन्म डिसेंबर १९२४ मध्ये मुंबईत झाला. वडील विल्सन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आई स्वतःची शाळा चालवणारी मुख्याध्यापिका. घरात इंग्रजीचा वावर अधिक होता आणि समाजाची मराठी कानांवर असली तरी ती त्यांच्या लेखनाची भाषा झाली नाही. ख्रिस्ती शाळेत ज्यू म्हणून वाट्याला आलेली हेटाळणी आणि तेलबिया गाळणारे पूर्वज यांचा उल्लेख त्यांच्या एका आत्मचरित्रात्मक कवितेत येतो. हिंदूबहुल शहरात ज्यू, मराठी समाजात इंग्रजी लिहिणारा आणि इंग्रजांत हिंदी माणूस, असे हे तिहेरी परकेपण होते. पुढे दुसऱ्यांच्या बोलण्याकडे त्यांचा कान इतका तीक्ष्ण का झाला, याचे उत्तर बहुधा याच परकेपणात आहे.

विद्यार्थिदशेत ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाकडे ओढले गेले. १९४७ मध्ये इंग्रजी साहित्यात एम. ए. झाल्यावर त्यांनी काही काळ अध्यापन केले. १९४८ मध्ये मित्र इब्राहिम अल्काझी यांनी प्रवासखर्चाची सोय केली आणि इझिकेल लंडनला गेले. तेथे सुमारे साडेतीन वर्षे तत्त्वज्ञानाचा अभ्यास, रंगभूमीची ओढ आणि गरिबीतील वास्तव्य असे दिवस गेले. १९५२ मध्ये 'अ टाइम टु चेंज' हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. परतीच्या तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून इंडोचायनाला शस्त्रास्त्रे नेणाऱ्या एका मालवाहू जहाजाच्या डेकवर फरशी घासत ते मायदेशी आले. इंग्रजी छंदावर हुकमत मिळवलेला कवी खलाशाचे काम करून परततो, हा प्रसंग त्यांच्या चरित्रकारांना आवडतो. तो आवडण्यासारखाच आहे.

मुंबईत 'इलस्ट्रेटेड वीकली'त काम, जाहिरात संस्थेत नोकरी, चित्रांच्या चौकटी बनवणाऱ्या कारखान्याचे व्यवस्थापन, असे उद्योग झाले. 'क्वेस्ट' या नियतकालिकाचे ते पहिले संपादक. १९६१ पासून मिठीबाई महाविद्यालयात इंग्रजीचे विभागप्रमुख म्हणून आणि १९७२ पासून मुंबई विद्यापीठात त्यांनी शिकवले. या काळात मुंबईतील इंग्रजी कवींच्या एका अख्ख्या पिढीला त्यांनी वळण लावले. नवोदितांची हस्तलिखिते वाचून परखड मत देण्यासाठी त्यांच्याकडे नेहमी वेळ असे. त्यांच्या स्वतःच्या कवितेची भाषा मोजकी, घोटीव, लंडनमध्ये छापली गेली तरी कोणाला खटकू नये अशी होती.

आणि मग सत्तरच्या दशकात या कवीने अगदी वेगळेच इंग्रजी लिहायला घेतले. १९७६ च्या 'हिम्स इन डार्कनेस' या संग्रहात मिस पुष्पा यांच्या निरोप समारंभाची कविता आली. परदेशी निघालेल्या सहकारी बाईंच्या कौतुकासाठी एक गृहस्थ उभे राहतात आणि बोलता बोलता विषय सोडून सुरतेला पोहोचतात. रेल्वे कारकुनाची कविता त्याच काळातील. एका स्वाभिमानी देशभक्ताचे स्वगत आले, इराणी हॉटेलातील सूचनांच्या पाटीवरही कविता झाली. 'भारतीय इंग्रजीतील अतिभारतीय कविता' अशा अर्थाचे नाव त्यांना मिळाले.

या भाषेची घडण मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही, कारण ती आपल्याच वाक्यांची आहे. आपण सहजपणे तो मुंबईत राहतो आहे, मला कळते आहे असे म्हणतो. मग इंग्रजीतही जाणणे, समजणे, राहणे ही सारी क्रियापदे चालू वर्तमानकाळात जातात. गरम गरम चहा, छोटी छोटी मुले यांतील द्विरुक्ती जशीच्या तशी उतरते. आपल्या 'च'साठी इंग्रजीत सोयीचे काही सापडत नाही, म्हणून आजच याचे टुडे ओन्ली होते. वाक्याशेवटी येणारा 'ना' इझन्ट इट बनून प्रत्येक वाक्याला चिकटतो. मराठीत उपपदे नाहीत, ती इंग्रजीत गळतात किंवा नको तेथे येतात. या चुका नियमाने होतात, आणि जे नियमाने होते त्याला भाषाशास्त्रज्ञ चूक म्हणत नाहीत, भाषेचा प्रकार म्हणतात.

इझिकेल यांचा रेल्वे कारकून प्रामाणिकपणे काम करतो, रजा मागतो तर मिळत नाही, पदवी नाही म्हणून बढती नाही. बायकोच्या मागण्या संपत नाहीत आणि त्याच्या खुर्चीला लाच देण्याचीही कोणाला गरज वाटत नाही. प्रारंभी वाचक हसतो. कविता पुढे सरकते तसे ध्यानात येते की या माणसाजवळ तक्रार मांडायला दुसरी भाषाच नाही. मराठीत तक्रार केली तर ती साहेबापर्यंत जात नाही. इंग्रजीत केली तर तक्रार बाजूला राहते आणि व्याकरण मोजले जाते. महाड-पोलादपूरच्या किती चाकरमान्यांनी ही कोंडी भोगली असेल, याचा हिशेब कोणत्याही कचेरीच्या दप्तरात नाही.

या कवितांवर वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. इंग्रजीवर प्रभुत्व असलेल्या प्राध्यापकाने अर्धशिक्षितांची टिंगल केली, असा एक पक्ष. त्याने त्यांना प्रथमच कवितेत बोलू दिले, असा दुसरा. कवितावाचनात श्रोते या ओळींवर मनमुराद हसत आणि हसणारे स्वतःचे इंग्रजी शुद्ध आहे असे मानणारे असत, हे पहिल्या पक्षाचे म्हणणे दुर्लक्षिता येत नाही. तरीही मला दुसरा पक्ष अधिक पटतो, आणि त्याचे कारण मराठी रंगभूमीवर सापडते. गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' १९८० मध्ये मच्छिंद्र कांबळी यांनी रंगभूमीवर आणले, तेव्हा मालवणी ऐकून प्रेक्षागृह हसत होते. त्या हसण्यातून मालवणी लाजली नाही, उलट तिला मान मिळाला. अरुण कोलटकर यांनी मुंबईच्या रस्त्यावरच्या हिंदीत कविता लिहिली, तिला कोणी टिंगल म्हटले नाही. इझिकेल यांच्या वाट्याला संशय आला, कारण इंग्रजी ही आपल्याकडे भाषेपेक्षा अधिक दर्जा मोजण्याची पट्टी आहे. हसू त्यांच्या कवितेत आहे, पण ते त्या कारकुनावर थांबत नाही. मिस पुष्पांविषयी बोलणाऱ्या गृहस्थांच्या बोलण्यात जी माया आहे, ती निर्दोष इंग्रजीतील किती निरोप भाषणांत आढळते?

एक मर्यादा मात्र त्यांच्या कवितेलाही होती. छापील ओळ वाक्यरचना दाखवू शकते, उच्चार दाखवू शकत नाही. ते काम अभ्यासकांनी केले. पुण्याचे भाषाशास्त्रज्ञ अशोक रा. केळकर यांनी १९५७ मध्येच 'वर्ड' या नियतकालिकात मराठी माणसाच्या इंग्रजी उच्चारांवर स्वतंत्र निबंध लिहिला होता. इंग्रज दोन वेगळे ध्वनी काढतो तेथे आपला एकच 'व' पुरतो, त्याच्या दंतमूलीय ध्वनींऐवजी आपला टणक 'ट' आणि 'ड' येतो, दातांत जीभ धरून काढायच्या ध्वनीचा 'थ' किंवा 'द' होतो. १९६९ मध्ये हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतील रा. कृ. बन्सल यांनी भारतीय इंग्रजी परक्यांना कितपत कळते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई-पुण्यातील कॉल सेंटरांनी तरुणांना हेच उच्चार पुसून टाकण्याचे शिक्षण पगार देऊन दिले. कारकुनाचे नातू रात्रपाळीत अमेरिकन वळणाने बोलू लागले, तेव्हा इझिकेल यांची स्मृती हरपत चालली होती.

इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीयांवर मराठीतून कठोर टीका झाली, भालचंद्र नेमाडे त्यात अग्रभागी होते. इझिकेल यांनी आपल्या बाजूने मराठीशी धागा जोडून ठेवला. वृंदा नाबर यांच्यासह त्यांनी सत्तरच्या दशकात इंदिरा संत यांच्या कविता इंग्रजीत आणल्या. 'लॅटर-डे साम्स'साठी त्यांना १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, १९८८ मध्ये पद्मश्री. विंचू चावलेल्या आईवरची त्यांची कविता इंग्लंडमधील शाळांच्या अभ्यासक्रमातही गेली. ज्या देशाचे इंग्रजी आपण प्रमाण मानतो, तेथील मुले परीक्षेसाठी मुंबईच्या कवीची ओळ उलगडत बसली.

अखेरची वर्षे अल्झायमरच्या आजाराने ग्रासली. आयुष्यभर नेमका शब्द शोधणाऱ्या माणसाचे शब्द एकेक करून निघून गेले. ९ जानेवारी २००४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये डॉम मोराइस आणि सप्टेंबरमध्ये अरुण कोलटकर गेले.