धर्मानंद कोसंबी : एका विद्यार्थ्याची परदेशयात्रा

साहित्याच्या व संस्कृतीच्या अभ्यासासाठी परदेशी जाणारा विद्यार्थी म्हटला म्हणजे शिष्यवृत्ती, विद्यापीठ, मार्गदर्शक प्राध्यापक आणि शेवटी पदवी असा क्रम आपण गृहीत धरतो. धर्मानंद कोसंबी यांनी १८९९ साली घर सोडले तेव्हा यांपैकी काहीही त्यांच्यापाशी नव्हते. ज्या वाङ्मयाचा अभ्यास करावयाचा त्याची भाषा त्यांना येत नव्हती, ती भाषा ज्या लिप्यांत जतन झाली होती त्या लिप्या त्यांनी पाहिलेल्या नव्हत्या, आणि ते वाङ्मय शिकविणारा गुरू नेमका कोणत्या देशात भेटेल याचीही त्यांना कल्पना नव्हती. असे असूनही पाली वाङ्मय मराठीत आणणाऱ्यांत त्यांचे स्थान पहिले आहे. हे कसे घडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा विचार त्यांच्या चरित्रातून करता येतो.

कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण जुजबी मराठीपुरते. पुढे वाट्याला आली ती वडिलांच्या नारळाच्या बागेची देखभाल. विवाहही लहान वयातच झाला. अशा चाकोरीत १८९७ च्या सुमारास ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले. मुलांसाठी निघणाऱ्या एका मासिकातील लेखाने विशीतील गृहस्थाला देशोधडीला लावावे, ही मराठी नियतकालिकांच्या इतिहासातील नोंद घेण्याजोगी घटना होय. बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यावयाचा तर प्रथम संस्कृत शिकले पाहिजे, अशी त्यांची त्या वेळची समजूत होती. पत्नी बाळाबाई आणि काही महिन्यांची तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून ते पुण्यास आले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा सल्ला त्यांना लाभला. पुढे ग्वाल्हेरमार्गे काशीला जाऊन अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्र्यांपाशी व्याकरण शिकावे असा जुन्या वळणाचा विद्यार्थिक्रम त्यांनी पत्करला.

१९०२ साली ते नेपाळात गेले. बुद्धाच्या जन्मभूमीलगत त्याचा धर्म जिवंत सापडेल ही आशा तेथे मावळली. तेव्हा बोधगया व कलकत्ता या मार्गाने त्यांनी सिंहलद्वीप गाठले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांकडे त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली आणि पालीचा अभ्यास आरंभिला. येथे एक तांत्रिक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पालीला स्वतःची अशी एकच लिपी नाही. सिंहलात ती सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात ब्रह्मी वळणाच्या बर्मी लिपीत, सयामात तेथील लिपीत आणि लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीच्या १८८१ नंतरच्या आवृत्त्यांत रोमन लिपीत लिहिली जाते. मगध-कोसलात घडलेले वाङ्मय वाचण्यासाठी गोव्याच्या माणसाला परदेशी लिप्या गिरवाव्या लागल्या. कोसंबी यांचे परदेशगमन म्हणूनच परक्या संस्कृतीचे दर्शन घेण्यासाठी नव्हते. घरातून नाहीसा झालेला ऐवज शेजाऱ्याकडे जपून ठेवलेला आहे असे कळल्यावर तो मागावयास जावे, तसे ते होते. शेजाऱ्याने तो का जपला आणि आपण का गमावला, हा प्रश्न त्यांना जन्मभर सतावीत राहिला. त्याचे त्यांनी ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ या १९३५ सालच्या ग्रंथात दिलेले उत्तर सर्वांना पटण्यासारखे नाही. प्रश्न मात्र खरा होता.

सिंहलानंतर ब्रह्मदेश. तेथील सगाईंगच्या टेकड्यांत ञाणतिलोक नावाच्या जर्मन भिक्षूबरोबर त्यांनी ध्यानाभ्यास केला. युरोपात संगीत शिकलेला हा तरुण आणि सांखवाळच्या बागेतून आलेले कोसंबी यांची भेट व्हावी ती तिसऱ्याच देशात, हा योगायोग तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला मोह पाडणारा आहे. दोघांमध्ये समाईक होते ते पाली ग्रंथ. भारतात परतल्यावर कोसंबी यांनी सारनाथ, कुशिनारा इत्यादी स्थळांची यात्रा केली. कधी पायी, कधी मिळेल त्या साधनाने.

जबलपूरच्या कांचघर वस्तीत बसून हे लिहिताना मनात येते, की येथून एका दिवसात जाऊन येता येईल अशा रूपनाथला अशोकाचा जो लघुशिलालेख आहे, त्यातील २५६ या आकड्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक प्रवासात काढलेल्या रात्री असा करतात. नवदीक्षित उपासकाने घराबाहेर पडावे ही कल्पना इतकी जुनी आहे. कोसंबी यांनी भाब्रू येथील अशोकाच्या लेखात उल्लेखिलेली सूत्रे त्रिपिटकात कोठे सापडतात याविषयीचे आपले निष्कर्ष १९१२ मध्ये प्रसिद्ध केले. शिलेवरील नावावरून ग्रंथातील पान काढून देणारी ही विद्या त्यांनी विहारांत मिळविली होती.

१९०६ मध्ये चीवर सोडून ते कलकत्त्यास नॅशनल कॉलेजात व पुढे विद्यापीठात पाली शिकवू लागले. तेथील अधिक पगाराची नोकरी सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपयांचे साहाय्य स्वीकारले. हेतू एकच, मराठी मुलखात राहून मराठीत ग्रंथ लिहिणे. हा त्याग चरित्रकारांनी पुष्कळ वाखाणला आहे. बाळाबाईंनी नातेवाइकांच्या आधाराने काढलेल्या वर्षांचा उल्लेख मात्र ओझरताच होतो. नवऱ्याच्या विद्यार्जनाचा खर्च पत्नीच्या खात्यावर पडला, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. ‘निवेदन’ हे त्यांचे १९२४ सालचे आत्मचरित्र वाचतानाही ही जाणीव बाजूस सारता येत नाही.

१९१० साली प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्या पुढाकाराने कोसंबी हार्वर्डला गेले. बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ची आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन यांच्या १८९९ मधील निधनामुळे अपुरी राहिली होती, ती पुरी करण्यासाठी पाली परंपरेत मुरलेला माणूस हवा होता. काम झाले, पण श्रेय कोणाचे यावरून प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परतले. येथे विद्यार्थ्याची भूमिका उलटली होती: शिकवीत होते ते कोसंबी, आणि पुस्तकावर नाव कोणाचे हे ठरविणार होते दुसरे. या कलहाला स्वभावांचा संघर्ष म्हणून सोडून देणे मला मान्य नाही. तोंडपाठ परंपरेतून येणारे ज्ञान हे साहाय्यकाचे आणि छापील चिकित्सा हे विद्वानाचे, अशी जी वाटणी त्या काळच्या पाश्चात्त्य प्राच्यविद्येत रूढ होती, तिचेच ते फळ होय. तरीही १९१८–२२, १९२६–२७ आणि १९३१–३२ असे आणखी तीनदा ते तेथे गेले.

दुसऱ्या खेपेस त्यांनी माणिक व दामोदर या मुलांना बरोबर नेले. ज्या मुलीला तान्ही असताना सोडले होते तिने रॅडक्लिफ येथे शिक्षण घेतले. दामोदर पुढे गणिती व इतिहासकार म्हणून प्रसिद्ध झाले. या दोन खेपांच्या मधल्या काळात, १९१२ ते १९१८, फर्ग्युसन महाविद्यालयात कोसंबी यांनी पालीची एक पिढी तयार केली. त्या पिढीतील पु. वि. बापट स्वतः हार्वर्डला गेले आणि पाली ‘विसुद्धिमग्ग’ व चिनी भाषांतरात टिकलेला ‘विमुत्तिमग्ग’ यांचा तौलनिक अभ्यास त्यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. मराठी अभ्यासकाने पाली आणि चिनी समोरासमोर ठेवावी, एवढा पल्ला एका शिष्याच्या अवधीत गाठला गेला.

गुजरात विद्यापीठ, १९२९ मधील लेनिनग्राड, मिठाचा सत्याग्रह व कारावास, मुंबईच्या गिरणगावातील बहुजनविहार हे टप्पे येथे नुसते नोंदवितो. ‘विसुद्धिमग्ग’ची त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने काढली, ज्या लिपीच्या अभावी त्यांना समुद्र ओलांडावा लागला तीच लिपी पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती आली. हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये निघाली. तीवर संपादक म्हणून वॉरन यांचे आणि संशोधक-सुधारक म्हणून कोसंबी यांचे नाव आहे. ते पाहावयास कोसंबी नव्हते. सेवाग्राम येथे अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला होता. त्यांच्या स्मरणार्थ काय करावे असा विषय निघाला तेव्हा गांधींनी सुचविले ते हे, की पालीच्या अध्ययनासाठी येथून विद्यार्थी सिंहलात पाठवावेत.