रुडॉल्फ विर्शो : रक्ताच्या गुठळीचा माग काढणारे डॉक्टर

अपघातात मांडीचे हाड मोडून तुमचा माणूस नागपूरच्या मेडिकलमध्ये किंवा मेयोमध्ये भरती झाला, की रक्तस्राव आटोक्यात आल्यावर डॉक्टर गुठळी होऊ नये म्हणून हेपारिनचे इंजेक्शन सुरू करतात. रक्त तपासणीचा रिपोर्ट नॉर्मल असताना हे कशाला, असे तुम्हाला वाटू शकते. याचे उत्तर रुडॉल्फ विर्शो यांच्या कामात सापडते.

विर्शो यांचा जन्म १८२१ साली प्रशियातील एका लहान गावी झाला. १८४३ मध्ये डॉक्टर होऊन ते बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात शवविच्छेदनाचे काम करू लागले. फुप्फुसाच्या धमनीत सापडणारी गुठळी रक्तवाहिनीला सूज आल्यामुळे तयार होते, अशी तेव्हा समजूत होती. अनेक मृतदेह तपासून आणि प्राण्यांवर प्रयोग करून विर्शो यांनी दाखवले, की ही गुठळी बऱ्याचदा पायाच्या शिरेत तयार होते आणि सुटून फुप्फुसात जाते. थ्रोम्बोसिस आणि एम्बोलिझम ही नावे त्यांच्यामुळेच रूढ झाली.

१८४८ मध्ये सायलेशियातील टायफसच्या साथीचे मूळ त्यांनी गरिबीत आणि अशिक्षितपणात असल्याचे सांगितले. सरकारविरोधी राजकारणामुळे त्यांना बर्लिन सोडावे लागले. १८५६ मध्ये ते सन्मानाने परतले.

गुठळी होण्याची तीन कारणे आज त्यांच्या नावाने शिकवली जातात : मंदावलेला रक्तप्रवाह, रक्तवाहिनीला इजा आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती. मोठ्या अपघातानंतर ही तिन्ही एकत्र येतात.

मग तपासण्या काय सांगतात?

पीटी, एपीटीटी आणि प्लेटलेट यांवरून मुख्यतः रक्तस्रावाचा धोका कळतो. त्या नॉर्मल आल्या म्हणून गुठळी होणार नाही, असे नाही. डी-डायमर कोणत्याही मोठ्या जखमेनंतर वाढतो, म्हणून तो एकटा फारसा उपयोगी नाही. थ्रोम्बोइलास्टोग्राफीत गुठळी किती लवकर आणि किती घट्ट बनते ते दिसते. फार घट्ट गुठळी वाढीव धोका सुचवते. तरीही डॉक्टर जखम, वय आणि अंथरुणावर किती दिवस राहावे लागेल, हे सारे मिळूनच निर्णय घेतात.

जानेवारी १९०२ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, ट्राममधून उतरताना पडून विर्शो यांचे मांडीचे हाड मोडले. त्यातून ते पूर्ण सावरले नाहीत आणि ५ सप्टेंबर १९०२ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा ना हेपारिन होते, ना या तपासण्या.

तुमच्याकडे दोन्ही आहेत. रुग्णाला पूर्वी गुठळी झाली असेल, कर्करोग असेल, गर्भनिरोधक गोळ्या सुरू असतील किंवा आपल्या विदर्भात बराच आढळणारा सिकलसेल आजार असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. एकाच पायाला सूज आली किंवा दुखू लागले, तर लगेच दाखवा. अचानक धाप लागली, छातीत दुखले, तर क्षणभरही थांबू नका.