पॉल झिल्स : माहितीपटकार आणि संपादक



माहितीपटाच्या अभ्यासात आपण कलाकृतीइतकाच तिच्या निर्मितीचाही विचार करतो. या घटकात त्या दृष्टीने पॉल झिल्स यांचे चरित्र पाहू. ते वाचताना एक प्रश्न मनाशी ठेवावा : दुसऱ्याच्या पैशावर चित्रपट करणाऱ्याने स्वतःचे म्हणणे कोठे मांडावे?

झिल्स यांचा जन्म १९१५ साली जर्मनीत झाला. तेथील उफा या बलाढ्य चित्रपटसंस्थेत त्यांनी उमेदवारी केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, पकडले गेले. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना भारतात आणून स्थानबद्ध करण्यात आले. १९४५ मध्ये सुटका झाल्यावर इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया या सरकारी संस्थेने त्यांच्याकडे एका विभागाची सूत्रे सोपवली. कालपर्यंत ज्या सरकारचे ते बंदी होते, त्याच सरकारच्या प्रचारकार्यात आता त्यांचे कसब उपयोगी पडले.

१९४६ मध्ये ही संस्था बंद झाली. झिल्स मात्र मुंबईतच राहिले. फली बिलिमोरिया यांच्यासह त्यांनी डॉक्युमेंटरी युनिट इंडिया उभारले. भारतीय जहाजवाहतुकीच्या लढ्यावरील त्यांचा १९४७ चा माहितीपट सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीसाठी केलेला होता. आपल्यापैकी जे रेवस, अलिबाग, मुरूड या किनाऱ्यावर राहतात, त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून आगबोटी आणि पडाव यांच्या आठवणी ऐकल्या असतील. समुद्र आपला, पण त्यावरील व्यापारात वर्चस्व परकीय कंपन्यांचे, ही सल त्या माहितीपटामागे होती. ती खरी होती; तथापि ती पडद्यावर आणणारा पैसा त्या व्यवसायातील कंपनीचाच होता, हेही आपण लक्षात घेतले पाहिजे.

१९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले. सरकारमान्य माहितीपट दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक असल्याने स्वतंत्र निर्मात्यांना वाव कमी राहिला. मागणीनुसार काम करणे त्यांना भाग होते. अशा वेळी, १९४९ मध्ये, झिल्स यांनी ‘इंडियन डॉक्युमेंटरी’ हे त्रैमासिक सुरू केले. आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. चित्रपटात जे मांडता येत नव्हते, त्याच्या चर्चेसाठी, समीक्षेसाठी आणि मतभेदासाठी त्यांनी हे व्यासपीठ निर्माण केले.

झिल्स यांनी कथापटही दिग्दर्शित केले. त्यांचा ‘झलझला’ (१९५२) रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘चार अध्याय’ या कादंबरीवर आधारित होता. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ते जर्मनीस परतले. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे सहकारी बिलिमोरिया यांच्या ‘द हाऊस दॅट आनंद बिल्ट’ (१९६८) या माहितीपटाला पुढे ऑस्करचे नामांकन लाभले.

स्वयंअध्ययन : आपण पाहिलेला एखादा माहितीपट आठवा. त्याचा खर्च कोणी केला, त्यातील निवेदन कोणाच्या आवाजात आहे आणि पडद्यावरील माणसे स्वतः किती बोलतात, हे दहा ओळींत लिहा.