कात्री हाती धरणारे दादासाहेब

दादासाहेब फाळके म्हटले की १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो आणि बहुतेकांची माहिती तेथेच संपते. पहिलेपणाचा मान मोठा खरा; पण त्याच्या झगमगाटात दादासाहेबांची एक कला झाकली गेली. ती म्हणजे संकलन, चित्रित केलेले तुकडे कोठे तोडावयाचे आणि कोणत्या क्रमाने जोडावयाचे याची जाण.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचे कलाभवन, मग छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, छापखाना. इतके उद्योग करूनही मन रमेना. पुढे ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला आणि पडद्यावर राम-कृष्ण आणण्याचा ध्यास लागला. १९१२ साली ते इंग्लंडला जाऊन कॅमेरा घेऊन आले. भांडवल मिळविण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला व रोज त्याची थोडी थोडी चित्रे घेतली. पडद्यावर तो अंकुर पाहता पाहता वाढला. मधला काळ गाळला तरी प्रेक्षकाचे मन तो आपणच भरून काढते, हे त्यांना तेव्हाच उमगले असावे.

१९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके या एकाच नटाने केल्या. कॅमेऱ्यासमोर एकच माणूस. पण राम येथे, सीता अशोकवनात, आणि दोघांमधला विरह मात्र फितीच्या जोडावर उभा! पडद्यावर राम येताच लोक हात जोडीत, असे सांगतात.

या कलेचा खरा कस लागला तो १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये. कृष्ण झाली होती त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. आरंभीच ती निरनिराळे हावभाव करून दाखविते, म्हणजे ही एक मुलगी आहे हे दादासाहेब लपवीत नाहीत. शिवाय कृष्ण डोहातून सुखरूप येणार, हे प्रत्येक प्रेक्षकाला आजीच्या मांडीवरच कळलेले. मग भीती वाटावी कशाची? दादासाहेबांनी पाण्याखालची झुंज सलग दाखविली नाही. ती मध्येच तोडून काठावर जीव टांगणीला लागलेले गोकुळ दाखविले, पुन्हा पाण्यात नेले, पुन्हा काठावर आणले. आपण देवाकडे पाहत नाही. देवाची वाट पाहणाऱ्या माणसांकडे पाहतो, आणि त्यांच्यातलेच एक होतो.

अशी आळीपाळीची मांडणी अमेरिकेत ग्रिफिथने आधीच केली होती, तेव्हा येथे पहिलेपणाचा हट्ट नको. पुढे रशियात कुलेशोवने एकाच चेहऱ्याला निरनिराळी दृश्ये जोडून त्याचा भाव बदलतो असे दाखविले. आपल्याला तर दूर जावयासही नको. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर राजपुत्र एकाच भिंतीवर पुनःपुन्हा भेटतो. तेथे क्रम आपला डोळा लावतो. चित्रपटात तो संकलक लावतो, एवढाच फरक.

हे काम एकट्याचे नव्हते. फितीला भोके पाडणे, रसायने कालविणे, फिल्म धुणे ही कामे पत्नी सरस्वतीबाईंनी केली, आणि घरात राबणाऱ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. दादासाहेबांचे चरित्र लिहिणाऱ्यांनी त्यांना एका परिच्छेदात आटोपू नये, असे मला वाटते. (येथे मीही तेच केले आहे!)

बोलपट आला आणि चित्र संवादाच्या मागून चालू लागले. १९३२ चा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा कोल्हापुरात केलेला त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रसृष्टी त्यांना जवळजवळ विसरली होती. त्यांचे बहुतेक मूकपट आज नष्ट झाले आहेत. ‘कालिया मर्दन’ मात्र बराचसा शिल्लक आहे. पाहावयास मिळाला, तर डोहापेक्षा काठावर लक्ष ठेवावे.