कीटकांचा सोबती : फाब्र

तुमच्या घरी खिडकीत किंवा गच्चीवर एखादी तरी कुंडी असेलच. बदलापूरजवळच्या चामटोलीसारख्या गावात दारापुढे अंगण असते; इमारतीत राहणाऱ्यांना मात्र कुंडीवरच बागेची हौस भागवावी लागते. जास्वंदीवर मावा पडला किंवा मिरचीची पाने आकसली, की आपण औषधाची बाटली आणतो आणि फवारतो. दिसेल तो किडा आपल्याला शत्रू वाटतो. पण त्याच खिडकीच्या कोपऱ्यात कुंभारीण माशी मातीचे इवलेसे घर बांधत असते. त्या घरात ती काय भरून ठेवते, हे तुम्ही कधी निरखून पाहिले आहे का?

असे पाहण्यात ज्यांनी आपले सारे आयुष्य घालवले, त्या एका शिक्षकाची ही हकिकत आहे. त्यांचे नाव झाँ आंरी फाब्र.

फाब्र यांचा जन्म डिसेंबर 1823 मध्ये फ्रान्समधील सँ-लेओं या खेड्यात झाला. घरची फार गरिबी होती. पोट भरण्यासाठी वडील गावोगाव हिंडत. लहानग्या फाब्रला जत्रेत लिंबे विकावी लागली, रेल्वेच्या कामावर मजुरीही करावी लागली. पण शिकण्याची जिद्द सुटली नाही. परीक्षा देऊन त्यांनी शिष्यवृत्ती मिळवली आणि अध्यापक विद्यालयात प्रवेश घेतला. वयाच्या अठराव्या वर्षी ते कारपाँत्रा येथे शिक्षक झाले. पगार होता वर्षाला 700 फ्रँक.

एकदा ते मुलांना जमिनीची मोजणी शिकवण्यासाठी माळावर घेऊन गेले. मुले मध्येच थांबत, दगडांवरच्या मातीच्या गोळ्यात काडी घालत आणि चोखत. ती गवंडी मधमाशीची घरे होती व आत मध होता. मास्तर रागावले नाहीत. तेही मुलांबरोबर ती घरे पाहू लागले! पुढे कीटकांवरचे एक पुस्तक त्यांनी दुकानात पाहिले. त्याची किंमत जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढी होती. तरीही त्यांनी ते विकत घेतले.

त्या काळी लेओं द्यूफूर नावाचे मोठे कीटकतज्ज्ञ होते. एक रानगांधीलमाशी भुंगेरे पकडून आपल्या बिळात साठवते आणि ते कित्येक दिवस कुजत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. माशी भुंगेऱ्याला मारते आणि तिच्या विषामुळे तो टिकतो, असे त्यांना वाटले. फाब्र यांनी उन्हात तासन्‌तास बसून स्वतः पाहिले. भुंगेरा मेलेलाच नव्हता! माशी नेमकी त्याच्या मज्जातंतूंच्या जागी नांगी मारते. तो लुळा पडतो, पण जिवंत राहतो. त्यामुळे तिच्या अळीला ताजे अन्न मिळते. 1855 साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि एका साध्या शिक्षकाने मोठ्या विद्वानाची चूक दाखवून दिली.

पुढे त्यांनी दुसऱ्या एका माशीचा अभ्यास केला. पिकांची मुळे कुरतडणारी अळी जमिनीत लपलेली असते. ही माशी तिला हुडकून काढते. जे काम शेतकऱ्याला जमत नाही, ते ही चिमुकली शिकारीण करते. उपयोगी प्राण्यांची ओळख मुलांना व्हावी, म्हणून फाब्र यांनी 1873 साली एक पुस्तक लिहिले. त्यात पॉलकाका मुलांना शेतीच्या मदतनिसांच्या गोष्टी सांगतात.

पण हे दिवस सुखाचे नव्हते. आव्हीन्याँ येथे शिकवत असताना ते संध्याकाळी लोकांसाठी मोफत विज्ञानवर्ग घेत. मुलीही त्या वर्गाला येत. फुलांत बी कसे धरते, हे मुलींपुढे सांगितल्यामुळे काही लोक चिडले. फाब्र यांना नोकरी सोडावी लागली आणि 1870 मध्ये राहते घरही गेले. बायकामुलांना घेऊन जायचे कोठे? अशा वेळी जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने त्यांना 3000 फ्रँक उसने दिले. फाब्र यांनी पुस्तके लिहून ते कर्ज फेडले. 1877 साली त्यांचा सोळा वर्षांचा लाडका मुलगा ज्यूल वारला. किडे पाहण्यात तोच त्यांचा जोडीदार होता.

एवढे दुःख सोसूनही ते थांबले नाहीत. 1879 साली त्यांनी सेरिन्याँ गावी एक खडकाळ, पडीक जमीन घेतली. इतरांना ती निरुपयोगी वाटे. फाब्र यांना तीच प्रयोगशाळा वाटली. तेथे राहून त्यांनी कीटकांवरील आपल्या ग्रंथाचे दहा खंड 1907 पर्यंत पूर्ण केले. 11 ऑक्टोबर 1915 रोजी, 91 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे घर आज संग्रहालय आहे.

मदतनीस कीटकांचे मोल जगाला त्यांच्या हयातीतच कळले. 1888-89 मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात संत्र्याच्या बागा खवले किडीमुळे वाळत होत्या. तेव्हा ऑस्ट्रेलियातून एक छोटा लाल-काळा भुंगेरा आणून सोडला गेला. त्याने ती कीड फस्त केली आणि बागा वाचल्या.

मित्रांनो, या भुंगेऱ्याचे भाऊबंद तुमच्या कुंडीतही येतात. ठिपक्यांचा लेडीबर्ड भुंगेरा मावा खातो. त्याची काळी, काटेरी अळी दिसायला कुरूप असते, म्हणून आपण तिला चिरडतो. पण तीसुद्धा मावाच खाते! विषारी औषधाने माव्याबरोबर हे मित्रही मरतात. मग मावा पुन्हा वाढतो आणि त्याला खाणारा कोणी उरत नाही. म्हणून आधी पानाची खालची बाजू पाहा. मावा थोडा असेल तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन टाका. कोथिंबीर किंवा शेपूची एखादी जुडी फुलू द्या. मित्रकीटकांना तेथे मध मिळतो. कुंभारणीचे घरही लगेच पाडू नका. तिच्यातली एखादी जात त्यात अळ्या भरते, तर एखादी कोळी.

फाब्र यांच्याजवळ पैसा नव्हता, मोठी प्रयोगशाळा नव्हती. होते दोन डोळे आणि पुष्कळ धीर. ते तर तुमच्याजवळही आहेत.

स्वाध्याय
1. गांधीलमाशी भुंगेऱ्याला ठार का मारत नाही?
2. फाब्र यांना नोकरी का सोडावी लागली? तुम्हांला त्याबद्दल काय वाटते?
3. एका कुंडीचे आठ दिवस निरीक्षण करा आणि दिसलेल्या कीटकांविषयी दहा ओळी लिहा.